सोया पेंडीला पर्याय शोधताना: डुकरांचं खाद्य आणि मांसाची प्रत

सोया पेंडीचा भाव चढला की आपल्याकडच्या वराहपालकाचा प्रश्न ठरलेला असतो: "दुसरी कुठली पेंड चालेल?" चालणाऱ्या पेंडी बऱ्याच आहेत, आणि सोलापूर जिल्हा या बाबतीत भाग्यवान आहे. तूर, हरभरा, करडई, सूर्यफूल, भुईमूग, उडीद, हुलगा ही सगळी पिकं आपल्याच शिवारातली. डाळमिलमधून चुनी (डाळ करताना उरणारा चुरा) निघते, तेलघाण्यांतून पेंड निघते. पण पेंड बदलताना दोन हिशेब करावे लागतात आणि बहुतेक जण एकच करतात. पहिला हिशेब लायसिनचा, म्हणजे प्रथिनातल्या एका अत्यावश्यक घटकाचा, त्यावर डुकराची वाढ ठरते. दुसरा हिशेब तेलाचा. चरबी घट्ट निघेल की लिबलिबीत, मांस फ्रीजमध्ये टिकेल की खवट होईल, हे तेलावर ठरतं. हा दुसरा हिशेब न केलेल्या माणसाचं डुक्कर वजनाला उत्तम भरतं, आणि तरीही खाटीक पुढच्या खेपेला भाव पाडून मागतो.

हे मार्गदर्शन बंदिस्त शेडमध्ये यॉर्कशायर, लँडरेस किंवा त्यांच्या संकरित जाती पाळून ९० ते १०० किलोला विकणाऱ्यांसाठी आहे. दूध तुटलेल्या लहान पिल्लांवर यातला कोणताही प्रयोग करू नका. वजन १५–२० किलो होईपर्यंत त्यांचं आतडं कच्चं असतं. तोवर चांगली सोया पेंड आणि तयार स्टार्टर खाद्य हेच योग्य. तिथे वाचवलेले पैसे पुढे दुपटीने जातात.

पहिली पायरी: प्रथिनाचा टक्का बाजूला ठेवा, लायसिन पाहा

पेंडीच्या पोत्यावरचा प्रथिनाचा आकडा म्हणजे प्रयोगशाळेने नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणलेलं उत्तर. त्या नत्रातलं डुकराच्या कामाचं किती, हे त्यातून कळत नाही. कोणी पेंडीत युरिया मिसळला तरी आकडा वाढतो, आणि युरिया डुकराला पचत नाही. म्हणूनच गाई-म्हशींचं तयार पशुखाद्य डुकरांना देऊ नये. त्यात युरिया असू शकतो. तो गाई-म्हशींच्या कोटीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या) जिवाणूंना चालतो, एकाच जठराच्या डुकराला नाही.

डुकराला स्नायू घडवायला दहा अत्यावश्यक अमिनो आम्लं खाद्यातून मिळावी लागतात. त्यात सगळ्यात आधी कमी पडतं ते लायसिन. ते कमी पडलं की बाकीची कितीही असोत, स्नायू तेवढ्यावरच थांबतो आणि उरलेलं प्रथिन लघवीवाटे जातं. शेडमध्ये अमोनियाचा झणका वाढला असेल तर पैसा तिथून जातोय असं समजा.

वजन २० ते ५० किलो असताना खाद्यात साधारण १ टक्का लायसिन लागतं, ५० ते ८० किलोला ०.८५ आणि त्यापुढे विक्रीपर्यंत ०.७ ते ०.७५ टक्के. आता बाजारातला माल या मापाने पाहा. सोया डीओसीत (द्रावकाने जवळजवळ सगळं तेल काढून घेतलेल्या सोया पेंडीत) ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिन आणि सुमारे २.८ टक्के लायसिन. शेंगदाणा पेंडीत प्रथिन जवळपास तेवढंच, ४० ते ४५ टक्के, पण लायसिन जेमतेम दीड टक्का. सोया काढून तेवढीच शेंगदाणा पेंड घातली की कागदावर प्रथिन जुळतं आणि डुक्कर मात्र वाढत नाही, त्याचं कारण हे. मका आणि ज्वारीत लायसिन पाव टक्काही नसतं, तेव्हा धान्याकडून काही अपेक्षा धरू नका.

दुसरी पायरी: आपल्या भागातला माल एकेक करून पारखा

तूर चुनी. माझ्या मते सोलापूरच्या वराहपालकासाठी हा सर्वांत कामाचा पर्याय. चांगल्या चुनीत १७ ते २० टक्के प्रथिन आणि १ टक्क्याच्या आसपास लायसिन असतं. कडधान्याच्या प्रथिनात लायसिन भरपूर आणि मेथिओनिन (दुसरं एक अत्यावश्यक अमिनो आम्ल) कमी, तर तेलबियांच्या पेंडीत बहुधा याच्या उलट, म्हणून दोन्ही एकत्र घातल्या की एकमेकींची उणीव भरून निघते. पण चुनी म्हणजे कणी, अंकुर आणि टरफल यांचं मिश्रण, आणि प्रत्येक मिलचं प्रमाण वेगळं. ओंजळभर घेऊन सुपात पाखडून पाहा. टरफल निम्म्याहून जास्त उडालं तर ती चुनी गाई-म्हशींना ठीक, वाढत्या डुकराला नाही. कच्च्या तुरीत ट्रिप्सिन (प्रथिन पचवणारं एन्झाइम) रोखणारी द्रव्यं असतात, त्यांच्यामुळे प्रथिन पचत नाही. ती उष्णतेने बऱ्याच अंशी निष्क्रिय होतात, तेव्हा चुनी शिजवून किंवा मोठ्या कढईत परतून घ्यावी. परतलेली असेल तर वाढत्या डुकरांना १० ते १५ टक्क्यांपर्यंत घालायला हरकत नाही.

हरभऱ्याची चुनी आणि चाळणीखालचा बारीक हरभरा. हरभऱ्यात २० ते २२ टक्के प्रथिन असतं आणि तुरीपेक्षा हा पचायला सौम्य. तुटलेला, डागी पण बुरशी नसलेला हरभरा हंगामात स्वस्त मिळाला तर भरून ठेवण्याजोगा. उडीद-मुगाच्या चुनीलाही तुरीचेच नियम लावा. हुलगा आपल्याकडे बैलांना शिजवून घालायची रीत आहेच; डुकरालाही तो शिजवूनच द्यायचा, कच्चा कधीच नाही.

शेंगदाणा पेंड. चवीला डुकरांना फार आवडते आणि धोकाही हिचाच मोठा. दमट पेंडीवर ॲस्परजिलस बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. ते यकृत बिघडवतं: खाणं मंदावतं, केस राठ होतात, डोळ्यांत पिवळसरपणा येतो, गाभण मादी गाभडू शकते. हे विष शिजवून जात नाही आणि पेंडीवर हिरवट बुरशी दिसली नाही म्हणून ते नाही असंही नाही. पावसाळ्यात शेंगदाणा पेंडीचा साठा करू नका. घेतलीच तर ओलावा १० टक्क्यांच्या आत असलेली घ्या, लाकडी फळ्यांवर भिंतीपासून लांब ठेवा आणि पंधरा दिवसांत संपवा. किलोमागे २० मायक्रोग्रॅम, म्हणजे २० पीपीबी, या मर्यादेच्या आतला प्रयोगशाळेचा अहवाल हातात असल्याशिवाय गाभण मादीला तर द्यायचीच नाही. टॉक्सिन बाइंडरची (विष बांधून ठेवणाऱ्या पावडरीची) थोडी मदत होते, पण खराब पेंड त्याने चांगली होत नाही.

करडई आणि सूर्यफूल पेंड. सोलापूर हा करडईचा जुना पट्टा, त्यामुळे घाण्यावर करडई पेंड मिळतेच. सालीसकट काढलेल्या पेंडीत प्रथिन २०–२२ टक्के आणि तंतू ३० टक्क्यांच्या वर, म्हणजे वाढत्या डुकराचं पोट भरतं, अंग भरत नाही. सूर्यफुलाच्या पेंडीत प्रथिन २६ ते ३० टक्के, मेथिओनिन चांगलं, पण तंतूही भरपूर. या दोन्ही पेंडींची खरी जागा गाभण मादीच्या गव्हाणीत आहे. तिला रोज दोन-अडीच किलोच खाद्य द्यायचं असतं आणि ती भुकेने अस्वस्थ होते. तंतूमय पेंडीने पोट भरून ती शांत राहते आणि बद्धकोष्ठही टळतो. वाढत्या डुकरांना मात्र ५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका.

सरकी पेंड. यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं आणि डुक्कर त्याला फार नाजूक. ते शरीरात साचत जातं, हृदयावर ताण येतो, धाप लागते आणि काही आठवड्यांनी चांगलं दिसणारं जनावर अचानक मरतं. मुक्त गॉसिपॉल एकूण खाद्यात किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर चालतं आणि लोहाच्या क्षाराने त्याचा परिणाम कमी करता येतो, हे खरं आहे. पण गावातल्या घाण्यावरच्या सरकीत किती गॉसिपॉल आहे हे कोण मोजणार? माझा स्पष्ट सल्ला: सरकी म्हशीला, डुकराला नाही.

तीळ पेंडीत मेथिओनिन उत्तम आणि लायसिन जेमतेम. चुनीच्या जोडीला ३–४ टक्के पुरे.

घरचं सोयाबीन थेट भरडून घालणारे बरेच आहेत. कच्च्या सोयाबीनमध्ये तुरीपेक्षा कितीतरी जास्त ट्रिप्सिनरोधक असतात, ते नीट भाजल्याशिवाय देऊ नका. भाजलेल्या दाण्याला कच्च्या शेंगेसारखा हिरवट वास उरता कामा नये आणि तो काळाही पडता कामा नये, कारण करपवलं तर लायसिनच नष्ट होतं.

अझोलाबद्दल (पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक हिरव्या वनस्पतीबद्दल) थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण त्याची जाहिरात फार झाली आहे. अझोलाच्या कोरड्या वजनात २० ते २५ टक्के प्रथिन असतं हे बरोबर. पण ताज्या अझोलात ९३ ते ९५ टक्के पाणी असतं. दोन किलो ताजा अझोला घातला तर त्यात कोरडा माल १०० ते १४० ग्रॅम, आणि प्रथिन २० ते ३५ ग्रॅम. ५० किलोच्या डुकराला दिवसाला ३०० ग्रॅमहून जास्त प्रथिन लागतं. अझोला हिरवा खुराक म्हणून द्या, त्याच्या भरवशावर पेंड कमी करू नका. लसूण घास आणि शेवग्याचा सावलीत वाळवलेला पाला यांचंही तेच: ५ टक्क्यांपर्यंत चांगले. सुबाभूळ टाळा, त्यातल्या मिमोसिनने केस गळतात आणि प्रजनन बिघडतं.

तिसरी पायरी: मिश्रण बसवा

२० ते ५० किलोच्या डुकरांसाठी १०० किलो खाद्याचं एक मिश्रण पुढे देतो. मका किंवा ज्वारी मिळून ५७ किलो, गव्हाचा कोंडा ८, सोया डीओसी १२, तपासलेली शेंगदाणा पेंड १०, परतलेली तूर चुनी १०. हे झाले ९७ किलो. प्रथिन साधारण १८ टक्के भरतं, म्हणजे वरवर पाहता सगळं ठीक. पण लायसिन मांडून बघा: धान्यातून सुमारे ०.१३, कोंड्यातून ०.०५, सोयातून ०.३४, शेंगदाण्यातून ०.१५ आणि चुनीतून ०.१०, एकूण ०.७७ टक्के. हवंय १ टक्का. उरलेला पाव टक्का पावडरीच्या लायसिनने भरायचा. बाजारातल्या लायसिन एचसीएलमध्ये प्रत्यक्ष लायसिन ७८ टक्के असतं, म्हणून १०० किलोला ३०० ग्रॅम. सोबत ५० ग्रॅम मेथिओनिन आणि ७० ग्रॅम थ्रिओनिन, हेही एक अत्यावश्यक अमिनो आम्ल. उरलेल्या जागेत २ किलो खनिज मिश्रण, अर्धा किलो मीठ आणि जीवनसत्त्वांचं प्रीमिक्स. या मिश्रणात सोया डीओसी, एकट्या सोयावर चालणाऱ्या खाद्याच्या मानाने, जवळपास निम्मीच लागते.

पावडर थेट ढिगावर टाकू नका. आधी एक-दोन किलो कोंड्यात चोळा, मग दहा किलोत, मग सगळ्यात. ३०० ग्रॅम लायसिन एका कोपऱ्यात राहिलं तर ते कुणाच्याच उपयोगाचं नाही.

ज्वारीविषयी: आपली मालदांडी पांढरी, टॅनिनचा (पचन रोखणाऱ्या तुरट द्रव्याचा) त्रास नसलेली, त्यामुळे मक्याच्या जागी सहज बसते. पण मंगळवेढ्याची खाण्याची ज्वारी डुकराला घालणं परवडत नाही आणि घालूही नये. चाळणीखालची बारीक, कोरडी ज्वारी घ्या. पावसात भिजून काळी पडलेली नको. ज्वारीचा दाणा लहान आणि टणक, म्हणून भरडा मक्यापेक्षा बारीक हवा. अख्खा दाणा शेणात दिसला तर चाळणी बदला.

कोणी आधी मासळीची कुटी वापरत असेल आणि ती काढून पूर्ण वनस्पतिजन्य खाद्यावर येत असेल, तर मासळीसोबत कॅल्शियम, फॉस्फरस आणि ब१२ जीवनसत्त्वही जातं हे लक्षात ठेवा. वनस्पतीतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो, तो डुकराला पचत नाही. फायटेज एन्झाइम घाला, नाहीतर डायकॅल्शियम फॉस्फेट वाढवा. तसं न केल्यास दोन-तीन महिन्यांत डुकरं मागच्या पायांनी लंगडायला लागतात आणि दोष मात्र फरशीला दिला जातो.

चौथी पायरी: हळू बदला, तोलून ठरवा

नवं खाद्य एकदम देऊ नका. सात ते दहा दिवस घ्या: आधी पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण. पातळ शेण झालं तर आधीच्या टप्प्यावर दोन दिवस थांबा.

शक्य असेल तर एकाच वेताची पिल्लं दोन खणांत विभागून एका खणाला जुनं आणि दुसऱ्याला नवं खाद्य द्या. दर पंधरा दिवसांनी वजन घ्या. काटा नसेल तर फीत पुरते: पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मीटरमध्ये घ्या, घेराचा वर्ग गुणिले लांबी गुणिले ६९.३, म्हणजे अंदाजे किलो. घेर १ मीटर आणि लांबी १ मीटर असेल तर ६९ किलो.

मग खाद्याचा किलोचा भाव नव्हे, वाढलेल्या एका किलोचा खर्च काढा. समजा जुनं खाद्य ३० रुपये किलो आणि किलोभर वाढीला ३ किलो लागलं, तर खर्च ९० रुपये. नवं खाद्य २७ रुपयांना पडलं पण ३.५ किलो लागलं, तर साडेचौऱ्याण्णव. स्वस्त खाद्य महाग पडतं ते असं, आणि डुकराला विक्रीच्या वजनाला यायला आणखी दोन-तीन आठवडे लागतात ते वेगळंच.

पाचवी पायरी: शेवटचे सहा आठवडे

मांसाची प्रत इथे ठरते, म्हणून इथे जरा थांबून समजून घेऊ.

गाई-शेळीच्या कोटीपोटात जिवाणू पातळ तेलाचं रूपांतर घट्ट चरबीत करतात. डुकराच्या पोटात ही सोय नाही. त्याने जे तेल खाल्लं ते जवळजवळ तसंच पाठीच्या आणि पोटाच्या चरबीत जाऊन बसतं. यातलं लिनोलेइक आम्ल (चरबी पातळ ठेवणारा तेलातला घटक) डुकराचं शरीर स्वतः बनवूच शकत नाही, म्हणजे चरबीत सापडलेलं सगळं लिनोलेइक तुम्ही खाऊ घातलेलं असतं. करडईच्या तेलात ते सुमारे ७५ टक्के, नेहमीच्या सूर्यफुलात ६० च्या आसपास, सोयातेलात ५० च्या वर. हे जास्त झालं की चरबी मऊ पडते, कापताना सुरीला चिकटते, कातडीपासून सुटते आणि हवेशी लवकर संयोग पावून मांस खवट होतं. उलट, ज्वारी-मक्याच्या पिठूळ भागापासून डुक्कर स्वतः जी चरबी बनवतं ती घट्ट असते.

म्हणून एकच पेंड कशी काढलेली आहे याला फार महत्त्व आहे. डीओसीत तेल एखादा टक्का. एक्स्पेलरच्या (यंत्राने दाबून तेल काढलेल्या) पेंडीत ६ ते ८ टक्के, लाकडी घाण्याच्या पेंडीत त्याहून जास्त. खाद्यात २० टक्के एक्स्पेलर सूर्यफूल पेंड घातली तर तिच्याबरोबर दीड टक्का पातळ तेल आपोआप आलं. हॉटेलच्या उष्ट्यावर डुकरं वाढवणाऱ्यांनी तर हे नीट ऐकावं: त्या उष्ट्यातलं तळणाचं तेल सूर्यफुलाचं नाहीतर सोयाचंच असतं. शिवाय उष्टं निदान अर्धा तास खळखळून उकळल्याशिवाय आणि त्यात डुकराचं मांस नाही याची खात्री केल्याशिवाय देऊच नये. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमध्ये शिरलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाने किती शेड रिकामे केले हे आपण पाहिलं आहे.

चरबी बदलायला वेळ लागतो. आज तेलकट पेंड बंद केली म्हणून पुढच्या आठवड्यात चरबी घट्ट होत नाही. किमान सहा आठवडे आधी, म्हणजे डुक्कर ६० किलोच्या आसपास असताना खाद्य बदला. माझं शेवटच्या टप्प्याचं मिश्रण असं: ज्वारी आणि मका मिळून ६५ किलो, गव्हाचा कोंडा १४, परतलेली तूर चुनी १०, सोया डीओसी ८, लायसिन २५० ग्रॅम आणि बाकी खनिजं, मीठ, प्रीमिक्स. प्रथिन साडेतेरा टक्क्यांच्या आसपास, लायसिन पाऊण टक्का; ८० किलो होईपर्यंत मात्र लायसिनची पावडर थोडी वाढवून वर सांगितलेले ०.८५ टक्के भरा. तेलकट पेंड एकही नाही. प्रीमिक्समध्ये ई जीवनसत्त्व किलो खाद्याला १०० मिलिग्रॅमपर्यंत न्यावं. ते चरबीला खवटपणापासून वाचवतं.

कडधान्यांनी मांसाची चव बिघडते का, असं लोक विचारतात. युरोपात सोयाच्या जागी वाटाणा आणि बाकला घालून बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. अमिनो आम्लं नीट जुळवली तर मांसाच्या चवीत किंवा मऊपणात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही, असाच त्यांचा सूर आहे. बिघडते ती अर्धीकच्ची चुनी घातल्यावर. न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्केटोल नावाचं दुर्गंधी द्रव्य बनवतात आणि तो शेणकट वास चरबीत उतरतो. खच्ची न केलेल्या नरात हा त्रास सर्वाधिक, म्हणून नर पिल्लांचं खच्चीकरण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पशुवैद्यकाकडून करून घ्या. मासळीची कुटी शेवटपर्यंत घातली तर मांसाला मासळीचा वास येऊ शकतो. त्या दृष्टीने वनस्पतिजन्य खाद्य उलट फायद्याचं.

आणखी एक गोष्ट. शेवटी लायसिन मुद्दाम कमी ठेवलं की स्नायूंच्या आत चरबीच्या रेषा थोड्या वाढतात आणि मांस रसाळ लागतं, हे खरं आहे. पण त्याबरोबर पाठीवरची चरबीही वाढते आणि किलोभर वाढीला खाद्य जास्त जातं. ज्याला घरच्या गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे मिळतात त्याने करावं; व्यापाऱ्याला जिवंत वजनावर विकणाऱ्याने करू नये.

उन्हाळ्यात

मार्च ते मे सोलापूरचा पारा चाळिशीच्या पार जातो आणि डुकराला घाम येत नाही. ते खाणं कमी करून अंगातली उष्णता आवरतं. जास्तीचं प्रथिन मोडताना आणि तंतू आंबताना शरीरात आणखी उष्णता तयार होते, म्हणून या तीन महिन्यांत कोंडा आणि टरफलाची चुनी कमी करा, प्रथिन एखाद-दोन टक्क्यांनी उतरवा आणि तेवढं लायसिन पावडरीने भरून काढा. खाद्य पहाटे आणि रात्री द्या. किलोभर खाद्याला एरवी अडीच-तीन लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त, आणि उन्हात तापलेल्या टाकीचं पाणी डुक्कर पीत नाही. ताकदीसाठी खाद्यात तेल घालण्याचा सल्ला मिळेल. वाढत्या वयात ठीक, शेवटच्या सहा आठवड्यांत नाही.

कापल्यावर काय पाहायचं

आदल्या दिवशी रात्रीपासून खाद्य बंद ठेवा, पाणी चालू. उन्हाळ्यात वाहतूक पहाटेच करा आणि उतरवल्यावर दोन-तीन तास विसावा द्या. धापलेलं, घाबरलेलं डुक्कर कापलं तर मांस फिकट पडतं, पिलपिलीत होतं आणि त्यातून पाणी सुटतं. त्याचा दोष पेंडीला देऊ नका.

पेंडीचा परिणाम पाहायचा तर मांस रात्रभर थंड ठेवा. पाठीच्या चरबीवर अंगठा दाबा: घट्ट, पांढरी, कोरडी लागली तर शेवटचं खाद्य बरोबर होतं, बोट रुतलं आणि तेलकटपणा हाताला आला तर तेल जास्त झालं. पोटाचा पट्टा काठीवर मधोमध टाका. चांगल्या मांसाचा पट्टा थोडा ताठ राहतो, मऊ चरबीचा दोन्हीकडून लोंबतो. चरबीचा छोटा तुकडा कोरड्या तव्यावर टाकून वास घ्या, शेणकट किंवा मुतकट वास असेल तर लगेच कळतो. हे तिन्ही निकाल त्या खेपेच्या खाद्याच्या वहीत, मिश्रणाच्या शेजारीच लिहून ठेवा आणि खाटकाला नावानिशी विचारा की चरबी कशी होती. पुढच्या खेपेत एका वेळी एकच घटक बदला. चुनी आणि पेंड दोन्ही एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला हे शोधता येणार नाही.